जुन्या फाट्याचं पाणी

१७ नोव्हेंबर

पाच महिने या वहीला हात लावला नाही. कामाचं कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. काहीच ठरत नव्हतं, आणि न ठरलेलं लिहून ठेवायची मला लाज वाटते. त्याबद्दल माफी. कुणाची मागते आहे कोण जाणे.

आज साहेबांनी नदीचं काम माझ्या गळ्यात घातलं. नदी खारट होत चालली आहे हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, चहाला अश्रूंची चव येते. बाबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे आणि नळ त्यांना ते रोज पाजतो आहे. कारणही ठाऊक आहे. वरच्या माळावर कालवे आले, पिकांना वारेमाप पाणी मिळू लागलं. ते जमिनीत मुरतं, खोलवर साठलेल्या खाऱ्या पाण्याला वर ढकलतं, आणि ते खारं पाणी काठांतून नदीत झिरपतं. यावर काय काय करता येईल ते शोधायचं, तोलायचं, आणि मार्चअखेरपर्यंत एक उपाय निवडून समितीकडून मंजूर करून घ्यायचा.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. आता चहा बिघडला की कुणाच्या नावानं खडे फोडायचे ते तरी ठरलं."

१८ नोव्हेंबर

सकाळी साहेबांना गाठलं. म्हटलं, माझी सख्खी मोठी बहीण नदीतून फुटणाऱ्या जुन्या फाट्याच्या काठी राहते, तिची तिथे संत्र्यांची बाग आहे. तेव्हा त्या पट्ट्याबद्दल मी काही ठरवणं बरं दिसणार नाही.

साहेब हसले. "मॅडम, असं म्हटलं तर या खात्यात काम कोण करणार? प्रत्येकाचं कुणी ना कुणी नदीवर आहेच."

मी हट्ट सोडला नाही. शेवटी ठरलं की फाट्याचा पट्टा फुटपट्टीनं बघायचा, आणि बैठकीत तो विषय निघाला की मी दाराबाहेर जाऊन थांबायचं. साहेबांनी तो नियम सगळ्यांनाच लागू केला. ज्याचं नातं, तो बाहेर.

फुटपट्टी म्हणजे आमचा कनिष्ठ अभियंता. जेवणाच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा रेघ मारून भाजी आणि भात वेगळा ठेवतो, म्हणून हे नाव. हुशार आहे, पण भिडस्त.

घरी येताना फार हलकं, स्वच्छ वाटत होतं. असं हलकं वाटलं की एरवी मी सावध होते, पण आज सावध व्हायला काही कारण सापडलं नाही.

२९ डिसेंबर

ताई आली. पिशवीभर संत्री. बाबा लगेच सोलायला बसले.

"नदीचं खारं लोणचं झालं, पण आमचा फाटा अजून गोड आहे हो," ती बाबांना सांगत होती. ते खरंच आहे. एरवी नदी खाली असते आणि फाट्याचं तोंड कोरडं पडलेलं असतं. पूर आला की नदी चढते, तोंडातून पाणी आत शिरतं, फाटा भरतो. पुराचं पाणी गोडं. तेवढ्यावर ताईच्या बागेचं आणि आसपासच्या वस्तीचं वर्ष निघतं. ताईच्या लग्नात भाऊजींनी मला होडीत बसवून तो सगळा फाटा दाखवला होता. मी तेव्हा परकरात होते आणि होडीतून उतरायलाच तयार नव्हते.

चहा झाल्यावर ताई म्हणाली, "चिमे, फाट्याबद्दल तुझ्या कानावर एक घालायचंय."

"ताई, नको. मला काहीही सांगू नकोस."

"अगं, लाच नाही देत. संत्री देतेय."

"तसं नाही. तुझ्याकडून ऐकलं आणि मग माझं मत बदललं, तर ते मत माझं राहील का? फेब्रुवारीत जाहीर सुनावणी आहे. लेखी हरकत द्या, नाहीतर तिथे येऊन बोला. सगळ्यांसारखं."

"सख्ख्या बहिणीला अर्ज करू? आणि वर काय लिहू? आदरणीय चिमे, कृ. सा. न. वि. वि.?"

बाबांना हसताना ठसका लागला. मीही हसले. ताई हसली, आणि रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. जाताना म्हणाली, "येते हं, न्यायाधीशबाई."

संत्री परत द्यायला हवी होती का, हा प्रश्न उरलाच नाही, कारण निम्मी बाबांनी संपवली होती. मी मात्र एकही फोड खाल्ली नाही.

१४ जानेवारी

उपाय चार उरले आहेत. आपल्यालाच समजावून सांगावेत म्हणून लिहिते.

माळावर झाडं लावायची. मुळं पाणी शोषतील, खालची पातळी उतरेल. सगळ्यात प्रामाणिक उपाय हाच, पण त्याचं फळ दिसेपर्यंत बाबा नसतील आणि मी काठी टेकत असेन.

कालव्यांचं पाणी कमी करायचं. हे समितीत नुसतं उच्चारलं तरी माळावरचे सभासद खुर्च्या मागे सारतात.

धरणातून जास्त पाणी सोडून नदी पातळ करायची. धरणात तेवढं पाणी कुठे आहे?

चौथा: काठाने विहिरी खणायच्या, खारं पाणी नदीत झिरपण्याआधीच उपसायचं, सखल भागात तळी करून त्यांत साठवायचं, आणि पूर आला की तळ्यांचा दरवाजा उघडून सोडून द्यायचं. पुरात नदी एवढी मोठी असते की ते त्यात मिसळून जातं. आकडेमोडीत तर खाली शहराच्या पुलापाशी खूणसुद्धा उरत नाही. लवकर होणारा, शहराला लगेच जाणवणारा उपाय हाच आहे.

दरवाजा डाव्या काठावर, वळणाच्या थोडा वर ठेवावा लागेल. उतार तिथेच आहे. वळणाच्या खाली लगेच फाट्याचं तोंड येतं. तिथून पुढचं फुटपट्टीचं काम, म्हणून मी नकाशा तिथेच दुमडून ठेवते. आता घडी आपोआप पडते.

३ फेब्रुवारी

फुटपट्टी दारात घुटमळत होता. "मॅडम, फाट्याकडचा रस्ता फार वाईट आहे म्हणतात. गाडी जात नाही. तुम्ही तर नेहमी जाता. दोन शब्द सांगितलेत तर..."

"मला विचारू नका. तेच तर ठरलंय."

"हो हो, ते आहेच. पण तसं काही वावगं असतं तर तुम्ही गप्प बसला नसता ना?"

"माझ्या गप्प बसण्यावरून काही काढू नका."

"नाही नाही. समजलं, मॅडम."

समजूतदार माणूस आहे. उगाच ताणलं नाही.

२२ फेब्रुवारी

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि सगळ्यांचा राग थोडा हास्यास्पद दिसत होता. रुग्णालयाच्या परिचारिकेनं सांगितलं की मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पाणी शुद्ध करणारी यंत्रं मिठानं वारंवार बंद पडतात. एका बाईनं बाळाच्या अंगावरचे चट्टे दाखवले. माळावरचे लोक मोठमोठ्यानं बोलले. ते नेहमीच बोलतात.

भाऊजी शेवटच्या रांगेत होते. एकदा उठून उभे राहिले. मी कागदात डोकं घातलं. त्या क्षणी ओळख दाखवली असती तर लोक काय म्हणाले असते? मान वर केली तेव्हा ते बसले होते. त्या बाकावर पाय आखडला असणार.

नंतर गर्दीत त्यांना शोधलं, पण ते निघून गेले होते. फाट्याकडून लेखी हरकत एकही नाही. ताईला एवढं बजावून सांगितलं होतं. म्हणजे तसं काही नसावं.

९ मार्च

निवड झाली. विहिरी आणि तळी.

आमची पद्धत अशी: प्रत्येक सभासद प्रत्येक उपायाला स्वतंत्रपणे गुण देतो, शेजाऱ्याला न दाखवता. मग नदीचा एकेक पट्टा घेऊन त्या त्या ठिकाणी काय नुकसान होईल त्यावर चर्चा, आणि त्याप्रमाणे गुण कमी करायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. फाट्याचा पट्टा आला तशी मी उठले. माळावरचे एक सभासद म्हणाले, "बसा हो मॅडम, तुम्ही काय खाणार आहात आम्हाला?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि दार ओढून घेतलं.

बाहेरच्या व्हरांड्यात एकच खिडकी आहे, तिच्या काचेला तडा गेलेला. तिथे उभी राहिले. आत काय चाललं असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि ते साधलंही. शिपाई चहाचा ट्रे घेऊन येत होता. त्याच्या हातून मी पेला घेतला, ओठाला लावला, तोच दार उघडून फुटपट्टी म्हणाला, "या मॅडम, झालं."

"एवढ्यात?"

"हो. विशेष काही निघालं नाही."

मला इतकं बरं वाटलं की खुर्चीवर बसताना पेल्यातला चहा साडीवर सांडला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ताईला कळव." मी म्हटलं, निर्णय जाहीर होऊ दे, मग सगळ्यांबरोबरच कळेल.

१२ जून

सव्वा वर्षानं वही उघडते आहे. विहिरी, नळ, पंप, तळी. मधले दिवस सारखेच होते, त्यांच्याबद्दल न लिहिल्याचं दुःख नाही.

आज सकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि पेल्याकडे बघत राहिले. "यात काय घातलंस?"

"काही नाही. साखर."

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि दुसरा पेला मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडा सोडून नुसती उभी राहिले. साबणाचा फेस हातावर चढत होता. लोकांचं भलं केलं असं वाटून घ्यायचा हक्क माणसाला एक दिवस असावा.

२७ ऑगस्ट

पूर आला. तळी गळ्यापर्यंत भरलेली, त्यामुळे दरवाजा पहिल्याच चढत्या पाण्यात उघडला. आदेशावर सही माझी. मी स्वतः काठावर उभी होते.

नदी तांबडी, आणि तळ्यांचं पाणी फिकट, जवळजवळ हिरवं. ते नदीत लगेच मिसळत नाही हे मला ठाऊक नव्हतं. एक वेगळ्या रंगाची पट्टी डावा काठ धरून लांबवर, थेट वळणापर्यंत गेलेली दिसत होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "साडीचा काठ दिसतोय जणू." खरंच सुंदर दिसत होतं.

शहराच्या पुलापाशी मोजलं. पाणी गोडं.

१६ डिसेंबर

बाबा आज म्हणाले, "यंदा संत्री नाही आली."

ताईला फोन केला. भाऊजींनी उचलला. ताई बागेत आहे म्हणाले. मग, "तुमचं बरं चाललंय ना? मग झालं," आणि ठेवला. ताई रागावली आहे. निर्णय आधी कळवला नाही म्हणून असेल. तिचा राग मी घालवेन. रविवारी जाते.

२० डिसेंबर

काल ताईकडे जाऊन आले.

रस्ता वाईट आहे. शेवटचा टप्पा चालत गेले.

फाट्यात पाणी होतं, काठाला पांढरी कड धरलेलं. ती कड मी ओळखते. आमच्या तळ्यांना तीच आहे. बागेतली खालची सगळी झाडं उभी होती आणि मेलेली होती. पानं कडेकडेनं भाजल्यासारखी, फळं गोटीएवढी होऊन वाळलेली. घराजवळच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या. त्यांना भाऊजी छपरावरून साठवलेलं पाणी बादलीनं घालतात.

ताईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी क्षणभर हात मागे घेतला.

"घाबरू नकोस. विकतचं आहे."

मी पिशवीतून मीठ मोजायचं यंत्र काढलं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "त्याला कशाला त्रास देतेस? चाखून बघ की."

भाऊजी मध्ये पडले. "जाऊ दे गं. तिनं मुद्दाम केलंय का?"

"मी कुठे म्हणते मुद्दाम? हे सुनावणीला आले होते तुझ्या. उठलेसुद्धा होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बसले. घरी येऊन म्हणतात, चिमीच्या माणसांसमोर तिला अवघडल्यासारखं झालं असतं."

भाऊजी बादली उचलून बाहेर गेले.

ताई माझ्यासमोर बसली. आवाज अगदी साधा, भाजीचं विचारावं तसा. "चिमे, फाटा पुरात भरतो हे तुला माहीत होतं ना?"

"हो."

"आणि दरवाजा पुरात उघडायचा हेही तूच ठरवलंस."

"हो."

"मग?"

"तो पट्टा माझ्याकडे नव्हता," मी म्हटलं.

म्हटल्यावर ते वाक्य आम्हा दोघींनाही ऐकू आलं. ताई उठली आणि तिनं गॅस पेटवला. नंतर आम्ही जेवलो. बाबांची तब्येत, पलीकडच्या शेजारणीचं वस्ती सोडून जाणं, असं बोललो. त्या शेजारणीची बाग छोटी होती, ती आधीच गेली.

निघताना तिनं पिशवी दिली. घराजवळच्या झाडांची चार संत्री. "बाबांना दे. आणि तूही एक खा या वेळी. आता लाच द्यायला माझ्यापाशी काही उरलं नाही."

२१ डिसेंबर

फुटपट्टीला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मला खरंच वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. काही असतं तर तुम्ही हा उपाय पुढे आणलाच नसता. म्हणून मी म्हटलं, विशेष काही नाही."

"तुम्ही जाऊन बघितलं नाही?"

"तुमच्या बहिणीचं गाव. तुम्ही असताना मी काय वेगळं बघणार होतो?"

त्याच्यावर ओरडायचं होतं. पण कशाबद्दल? मी डोळे मिटले होते, आणि तो मला डोळस समजून माझ्या मागे चालला होता.

मला आठवलं, त्या दिवशी व्हरांड्यात मला किती बरं वाटलं होतं. तेवढं आठवून पुरे झालं. पुढे लिहवत नाही.

१९ मार्च

खालची झाडं काढली. भाऊजी आणि दोन माणसं. मी रजा घेऊन गेले. फांद्या ओढून रचायचं काम मला दिलं. ताई दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली: हे धर, ते तिकडे टाक, सांभाळ, काटा आहे. संध्याकाळी माझ्या हातात रुतलेला काटा तिनं सुईनं काढला. नेम पूर्वीइतकाच चांगला आहे. चष्म्यावरून बघत म्हणाली, "लहानपणीसुद्धा रडायची नाहीस. नुसती दुसरीकडे बघायचीस."

३० जून

चार महिने हिशेब करते आहे. यंदाच्या पहिल्या पुराचं गोडं पाणी फाट्यात शिरू दिलं आणि तेवढा वेळ दरवाजा बंद ठेवला, तर फाटा धुऊन निघेल. मग तोंडाशी वाळूची पोती रचायची, आणि त्यानंतर तळी सोडायची. घराजवळच्या ओळी वाचतील, वस्तीही टिकेल. पुन्हा पहिल्याच पाण्यात दरवाजा उघडला तर तिथे काही उरणार नाही.

धोका आहे, तो लपवत नाही. पूर लवकर ओसरला तर तळी रिकामी करायला वेळ मिळणार नाही. ती फुटली तर खारं पाणी उतरत्या नदीतून थेट शहरात जाईल. रुग्णालयात. बाबांच्या पेल्यात.

बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. "मला विचारून ठरवणार आहेस?"

"नाही. सांगायचं होतं म्हणून सांगितलं."

"मग बरं. मला विचारू नकोस. दोन्ही पोरी माझ्याच आहेत."

७ जुलै

वर पाऊस सुरू झाला आहे. दरवाजा कधी उघडायचा हे उद्याच्या बैठकीत ठरेल.

साहेबांना माझा प्रस्ताव दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. वाईट माणूस नाही. आठ महिन्यांनी निवृत्त होणार आहेत आणि आता त्यांना कुठलंच दार पुन्हा उघडायला नको आहे.

"मॅडम, यात तथ्य आहे. पण हे तुम्हाला मांडता येणार नाही."

"का?"

"का म्हणजे? फाट्याचा विषय निघाला की तुम्ही बाहेर. नियम तुमचाच आहे. मी तेव्हा हसलो होतो, आठवतंय? आता तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. उद्या तुम्ही आत बसून बहिणीच्या बागेसाठी बोललात, तर माळावरचे लोक तुमची मागची सगळी कामं उकरून काढतील. चौकशी लागेल. इतकी वर्षं जपलेलं नाव जाईल तुमचं."

"मग हे कोण मांडेल?"

त्यांनी कागद फुटपट्टीच्या टेबलाकडे सरकवले. फुटपट्टीनं माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग कागदाच्या कडा नीट जुळवत बसला. ते जुळवणं मी ओळखते. उद्या तो पुन्हा म्हणेल, विशेष काही नाही.

ताईला फोन केला. "उद्या ठरतंय," एवढंच म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मग, "तू कुठे असशील? बाहेरच ना?"

तिचा आवाज टोचणारा नव्हता. ती नुसतं विचारत होती, जसं आपण विचारतो, गाडी वेळेवर आहे का.

उद्याचं काम: फाट्याचा विषय निघाला की खुर्चीवरून उठायचं नाही.